तांब्यावर लिहिलेला खेळ

१/
१९७२ साली अमेरिकेतील ‘अटारी’ कंपनीने ‘पाँग’ हा खेळ बाजारात आणला. पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये उसळणारा एक ठिपका, एवढाच त्याचा पसारा. जुन्या खेळांच्या नव्या संग्रहांत तो आज सहज मिळतो. २०२२ च्या ‘अटारी ५०’ मध्येही आहे. परंतु संग्रहातील ‘पाँग’ हा मूळ ‘पाँग’ नव्हे, आणि तसा तो असूही शकत नाही.

२/
कारण मूळ यंत्रात प्रोसेसर नव्हता, प्रोग्रॅमही नव्हता. अ‍ॅलन अल्कॉर्न या अभियंत्याने साध्या लॉजिक चिप्स सर्किट बोर्डावर जोडून तो खेळ रचला. चेंडू कोठे आहे, पट्टीला लागला की नाही, गुण किती झाले, हे सारे त्या जोडण्याच ठरवीत. तांब्याच्या रेषा हीच त्या खेळाची संहिता. उतरवून घेण्याजोगा प्रोग्रॅमच नसल्याने प्रत्येक नवी आवृत्ती हे पुनर्लेखन ठरते.

३/
मूळ यंत्रात पट्टी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसे. हा सर्किटमधील दोष होता. अल्कॉर्नने तो जाणून-बुजून तसाच ठेवला; एरवी दोन तरबेज खेळाडूंचा सामना संपलाच नसता. नव्या आवृत्तीत ही फट राखली तरी ती निव्वळ नियम म्हणून दिसते. ती चुकीतून जन्मली, याची साक्ष फक्त बोर्ड देतो.

४/
१९७८ चा जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. तोमोहिरो निशिकादो यांच्या या खेळात प्रोसेसर आहे, प्रोग्रॅमही आहे. तेव्हा नक्कल सोपी वाटते. पण गोळीचा, स्फोटाचा आवाज प्रोग्रॅममध्ये नाही. प्रोग्रॅम केवळ ‘आता वाजव’ एवढे सांगतो. आवाज घडतो तो बोर्डावरील रेझिस्टर, कपॅसिटर आणि इतर भागांतून. म्हणूनच १९९७ साली सुरू झालेल्या ‘मेम’ या इम्युलेटरला दीर्घकाळ ध्वनिमुद्रित आवाजांवर भागवावे लागले.

५/
बखर आणि अस्सल कागद यांतील भेद इतिहासाच्या विद्यार्थ्यास नव्याने सांगावयास नको. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास घेतली ती याच भेदाच्या जाणिवेतून. पुनःप्रकाशित खेळ ही बखर होय: रसाळ, सोयीची, पुष्कळदा प्रामाणिकही. बोर्ड हा अस्सल कागद, किंबहुना ताम्रपटच!

६/
आणि हा ताम्रपट वाचता येतो. त्या काळी आरेखक पारदर्शक फिल्मवर काळ्या टेपच्या पट्ट्या हाताने चिकटवून मोठ्या आकारात नकाशा करीत. मग छायाचित्रणाने तो लहान करून तांब्यावर उतरवला जाई. म्हणून जुन्या बोर्डांवरील रेषा वळणदार दिसतात, त्यांत हाताची ढब उमटते. मागाहून डकवलेली एखादी तार म्हणजे समासातील दुरुस्तीच. दोन थरांचा बोर्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन करून आणि मल्टिमीटरने जोडणी तपासून उलगडतो. अधिक थर असतील तर क्ष-किरण हवेत. थर घासत जाण्याचा मार्गही आहे, पण त्यात अस्सल कागदच नष्ट होतो.

७/
वेळ मात्र थोडा आहे. ‘कॅपकॉम’ने १९९३ मध्ये आणलेल्या ‘सीपीएस-२’ बोर्डांत खेळ उलगडण्याची किल्ली बॅटरीवर तगणाऱ्या स्मृतीत ठेवलेली होती. बॅटरी संपली की खेळ मुका. हौशी संशोधकांनी २००७ साली तो संकेत फोडला, म्हणून निभावले. गळलेली बॅटरी तांबे खाते, त्यावर असा तोडगा नाही.

८/
‘अटारी ५०’ मध्ये मुलाखती आहेत, जुनी कागदपत्रे आहेत. हे श्रेय द्यावेच लागेल. तरीही हक्कधारक कंपन्यांनी प्रत्येक पुनःप्रकाशनासोबत बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन आणि सर्किटचा आराखडा द्यावयास हवा. यात गुपित फुटण्याचे भय कसले? अटारी स्वतःच पूर्वी यंत्रासोबत आराखडे धाडीत असे.

९/
एक आक्षेप मात्र खरा आहे. स्कॅन खुले झाले की बनावट बोर्ड करणाऱ्यांचे फावेल आणि संग्राहक फसतील. पण नक्कल करणारे स्कॅनसाठी थांबत नसतात. ‘पाँग’च्या नकला तर पहिल्या काही वर्षांतच बाजारभर पसरल्या. बनावट बोर्ड ओळखायचा, तर तो अस्सलाशेजारी ठेवून रेषा न् रेषा ताडावी लागते, आणि तो अस्सल आज बहुतेक अभ्यासकांच्या हाती नाही.