तीन दिवसांत वसूल होणारा पास

मार्चमध्ये, चालू हंगामाचा बर्फ वितळायच्या आतच, अमेरिकेतल्या स्की कंपन्या पुढच्या हिवाळ्याचे पास विक्रीला काढतात. डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी या भागांतल्या घराघरांत (नोकरीपायी तिथे स्थिरावलेली मराठी घरंही त्यात आलीच) मग एकच हिशेब सुरू होतो: व्हेल रिसॉर्ट्सचा एपिक घ्यायचा की अल्टेराचा आयकॉन? २०२४-२५ च्या हंगामासाठी एपिक ९८२ डॉलरला निघाला, आयकॉन १,२४९ ला, आणि बंधनं जास्त असलेला आयकॉन बेस ८६९ ला. त्याच हंगामात व्हेल डोंगराच्या तिकीट-खिडकीवर ऐन गर्दीच्या दिवसाचं तिकीट ३२९ डॉलरवर गेलं. भागाकार सोपा आहे. तीन दिवसांत एपिक वसूल, चौथ्या दिवसापासून स्की फुकट. या भागाकारावर लाखो पास विकले जातात, आणि माझा आक्षेप नेमका त्याच्यावरच आहे.

पास घेणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. १९९८ मध्ये कोलोरॅडोतल्या विंटर पार्कने चार पास मिळून ८०० डॉलरला विकले आणि शेजारच्या डोंगरांना दर खाली आणावे लागले. पुढे २००८ मध्ये व्हेलने ५७९ डॉलरचा एपिक आणला. त्याआधी एकट्या व्हेल डोंगराच्या हंगामी पासाला त्याच्या कितीतरी पट पैसे पडत. त्यामुळे दर शनिवारी डोंगर गाठणाऱ्या शिक्षकाला, नर्सला, वेटरला स्की परवडू लागलं, हे खरं आहे. २०१८ मध्ये आयकॉन उतरला, आणि स्पर्धा आली म्हणजे गिऱ्हाइकाचं भलंच, असा या बाजूचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या ३२९ ने आपण पासाच्या किमतीला भागतो, तो आकडा ठरवतं कोण? पास विकणारी कंपनीच. २००८ च्या सुमारास व्हेलचं दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या आसपास होतं. तेव्हापासून पास दुपटीच्याही आत राहिला आणि तिकीट तिपटीच्या वर गेलं. लिफ्टचा खर्च, विजेचं बिल, बर्फ पाडणाऱ्या यंत्रांचा खर्च पासवाला आणि तिकीटवाला दोघांसाठी एकच आहे. एकाच लिफ्टवर शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचा खर्च तिप्पट झाला, असं होत नाही. कापड दुकानदार सेलच्या आधी भाव चढवून मग निम्म्यावर सूट देतो, तशी ही सूट आहे. स्पर्धेचं म्हणाल, तर दोन्ही कंपन्या पासावर झुंजतात खऱ्या, पण खिडकीवरचा दर चढवण्यात दोघींचा फायदा एकच आहे.

या चढ्या दराचा बोजा पडतो तो नवख्यावर. डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून आजी-आजोबा आलेले असतात, मुलांना बर्फ दाखवायचा असतो, म्हणून एखादं कुटुंब एका दिवसासाठी डोंगरावर जातं. भाड्याच्या दुकानात तासभर रांग, घोटे आवळणारे बूट, मग तिकीट. पासाची विक्री डिसेंबरच्या सुरुवातीलाच बंद झालेली असते. ज्याला आपल्याला हा खेळ आवडेल की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्याकडून सर्वांत जास्त पैसे घ्यायचे, अशी ही रचना आहे.

‘मग एक ते सात दिवसांचा एपिक डे पास घ्या की,’ असं सांगितलं जातं. पण तोही हंगामापूर्वीच घ्यावा लागतो. म्हणजे बर्फ पडणार की नाही हा धोका कंपनीच्या डोक्यावरून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर गेला. कंपनीला आगाऊ रोकड मिळते, त्यातून लिफ्ट उभ्या राहतात, हे मी नाकारत नाही. पण आगाऊ पैसे घेणाऱ्यावर सेवेचं बंधनही तेवढंच आगाऊ असायला हवं. २७ डिसेंबर २०२४ ला व्हेल रिसॉर्ट्सच्याच, युटातल्या पार्क सिटीत स्की पेट्रोलच्या कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलर होता, मागणी २३ ची होती. हिमस्खलनाचा धोका तपासणारी, जखमींना खाली आणणारी ही माणसं. संप जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालला, नाताळच्या सुट्टीत डोंगराचा मोठा भाग बंद राहिला आणि मोजक्या चालू लिफ्टखाली लांबच लांब रांगा लागल्या. ज्यांनी वसंतातच पैसे भरले होते, त्यांच्या हातात त्या दिवसांत काहीही नव्हतं. पुढच्या पासावर सवलत नंतर मिळाली, पण सुट्टी थोडीच परत मिळते?

तेव्हा तुलना करायचीच तर दिवसांची करा. शाळकरी मुलं असलेल्या घराने नाताळचा आठवडा आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या जोडसुट्ट्या आधी दिनदर्शिकेवर खुणावाव्यात. आयकॉन बेसवर नेमक्या त्याच तारखांना बऱ्याच ठिकाणी मज्जाव असतो, आणि अॅस्पेन किंवा जॅक्सन होल त्यात मुळातच नाहीत. एपिकचा स्वस्त प्रकार असलेल्या एपिक लोकलवर व्हेल, बीव्हर क्रीक आणि व्हिसलर मिळून दहाच दिवस. जगभरातल्या डोंगरांची यादी कितीही लांब असो, डेन्व्हरचा माणूस शनिवारी आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे गाडीत अडकून पडतो, तेव्हा स्वित्झर्लंडचं अँडरमॅट पासात आहे याचा त्याला उपयोग काय? वर्षातून चार-पाच दिवस जाणाऱ्याने छोट्या, स्वतंत्र डोंगरांकडे आधी बघावं. २०१९ मध्ये १९९ डॉलरला सुरू झालेला इंडी पास अशाच डोंगरांवर प्रत्येकी दोन दिवस देतो. व्हरमाँटमधला मॅड रिव्हर ग्लेन तर १९९५ पासून स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. सहकारावर साखर कारखाने उभे केलेल्या मराठी माणसाला तो प्रयोग वेगळा समजावून सांगायला नको.

गर्दी आवरता येत नाही, हेही खरं नाही. अरापाहो बेसिन हा कोलोरॅडोतला डोंगर पार्किंग आणि गर्दीला कंटाळून २०१९ मध्ये एपिकमधून बाहेर पडला आणि त्याने पास व तिकिटं दोन्हींच्या विक्रीला मर्यादा घातली. २०२४ मध्ये अल्टेराने तो विकत घेतला, याचं मला वाईट वाटतं. पण स्वतंत्र असताना त्याने जे करून दाखवलं, ते त्यामुळे खोटं ठरत नाही.

आणि हे डोंगर आहेत कुणाचे? व्हेल, ब्रेकेनरिज, कीस्टोन हे सगळे व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनातल्या सरकारी जमिनीवर आहेत. कंपनीकडे आहे तो फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना, आणि त्याचं शुल्क १९९६ च्या कायद्यानुसार उत्पन्नाच्या दीड ते चार टक्के. अल्टेरा चालवते ते विंटर पार्क डेन्व्हर शहराच्या मालकीचं आहे. जनतेच्या जमिनीवर जनतेलाच एका दिवसाचे ३२९ डॉलर मागायचे आणि ते टाळायचे असतील तर आठ महिने आधी हजार भरा म्हणायचं, हे मला सरळ अन्याय्य वाटतं. हंगामी पास राहावा, स्वस्तही राहावा. पण परवान्याचं नूतनीकरण करताना सरकारने एक अट घालावी: रोज ठरावीक तिकिटं त्याच दिवशी, खिडकीवर, पासाच्या किमतीशी बांधलेल्या दराने मिळाली पाहिजेत. म्हणजे पासाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नाही. २०२४-२५ च्या हंगामाच्या हिशेबाने हे तिकीट ९८ डॉलरला पडलं असतं.