गायरानावरचा फलक आणि वस्तीतली शेळी

मृगाचा पाऊस पडला की अनेक गावांच्या गायरानावर ‘चराईस सक्त मनाई’ असा फलक लागतो. ग्रामसभेत ठराव झालेला असतो. तो झाला त्या दिवशी भूमिहीन घरांतली माणसे रोजावर गेलेली असतात. मग कोंडवाड्यात सापडते कोण? बागायतदाराची म्हैस नव्हे. तिला बांधावरचा हिरवा चारा आणि सरकीची पेंड दावणीलाच मिळते. सापडते ती आपल्या वस्तीतल्या माउलीची शेळी.

यावर आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, गवताचे हे शास्त्रच आम्हाला हुसकण्यासाठी काढलेले आहे. त्यांचा संशय उगाच नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले, तेव्हा कुठे पडीक जमिनीचा प्रश्न सरकारला दिसला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील वहिवाट नियमित करण्याचे ठरले, तरी कित्येकांचा सातबारा आजही कोरा आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेले पट्टे अपवाद म्हणून नोंदले आहेत. पण नोटीस घेऊन येणारा तेवढेच वाचून दाखवत नाही!

तरीही आम्ही स्पष्ट सांगतो, गवताचे शास्त्र खरे आहे. मारवेल, पवन्या, शेडा ही आपल्या माळावरची सकस, बहुवार्षिक गवते. पावसाबरोबर त्यांना कोंब फुटतो तो मुळांतल्या साठ्यावर. पानांनी हा साठा परत भरायच्या आत जनावराने कोंब पुन्हा पुन्हा खुडला, तर ठोंब खचतो. जनावर गोड गवत आधी खाते, म्हणून आधी नाहीसे होते ते मारवेल. मागे उरते कुसळी, आणि तिची कुसे शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात, कातडीत रुततात. मोकाट चराईने गायरान मरते, आणि ते मेले की पहिली उपासमार शेतबांध नसलेल्याच्या जनावराची होते.

पण या शास्त्राने सांगितले आहे ते फेरपालटीच्या चराईचे, सरसकट बंदीचे नव्हे. गायरानाचे चार तुकडे करावेत. एक तुकडा बी पिकून पडेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा, पुढच्या वर्षी दुसरा. उरलेल्या तिघांत कळप फिरवावा: एका तुकड्यात दहा-बारा दिवस, मग तिथे तीनेक आठवडे पाय नाही. गवत मूठभर उंचीचे उरले की कळप हलवावा. कुंपणाला तार लागतेच असे नाही. दगडाचा गडगा आणि घायपात पुरते, राखणीला माणूस मात्र हवा. गवत विरळ झालेल्या जागी मारवेलचे ठोंब आणि स्टायलोचे बी लावावे. स्टायलो शेंगवर्गीय असल्याने जमिनीला नत्रही देते.

वर्षभर सगळे कुलूपबंद ठेवण्यात तर चाऱ्याचेही नुकसान आहे. फुलोऱ्यानंतर उष्ण प्रदेशातले गवत झपाट्याने राठ होते, त्यातली प्रथिने उतरतात. असे वाळके गवत मग लिलावात जाते. ते घेतो कोण? ज्याच्या दावणीला दहा जनावरे आहेत तो. शेळीला त्याचा उपयोग थोडाच. ती मुळात पाला खाणारी; बोर, बाभूळ, हिवर हे तिचे खाद्य. कोवळ्या रोपवनात तिला सोडू नये, हे आम्हाला मान्य आहे. पण माळावरचे गवत गायी-म्हशींनी संपवायचे आणि बदनाम शेळीने व्हायचे, हा कुठला न्याय?

साहेबाच्या घोड्याला गवताचे भारे पुरवण्याची वेठ आपल्या पणजोबांनी केली. कोणते गवत कोणत्या उतारावर येते, कधी कापावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आज शेळ्यांमागे फिरणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना ते ठाऊक आहे. कुरणाच्या समितीत मात्र त्यांची सही नसते. पाळी कोणी ठरवायची हाच खरा प्रश्न आहे. त्या समितीत शेळ्या राखणाऱ्या स्त्रिया हव्यात. एका वेळी चारांपैकी एकच तुकडा बंद राहावा. बंद तुकड्यातले कापलेले गवत जनावरांच्या संख्येवर वाटू नये, घरटी वाटावे. ज्याच्याकडे जनावर नाही त्याने आपला भारा विकावा. आणि भूमिहीनांच्या वहिवाटीतली जमीन मोजणीतून आधी वेगळी काढावी, म्हणजे गवताच्या नावाने पीक मोडले जाणार नाही.

हे पावसाआधी, १ मेच्या ग्रामसभेत व्हायला हवे. त्या दिवसाचा रोज बुडणे प्रत्येकाला परवडत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. वस्तीने वर्गणी काढून निदान पाच-सात जणांचा रोज भरून द्यावा, त्यात दोन-तीन शेळीवाल्या बाया असाव्यात. ठराव त्यांच्यासमोर वाचला जावा, आणि इतिवृत्तात लिहिला गेला की त्याची नक्कल त्याच आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून मागून घ्यावी.