वरातीमागचे सिलेक्टर

२० जुलै २०२५, डब्लिनचं क्रोक पार्क, ऑल-आयर्लंड हर्लिंगची फायनल. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे होतं आणि कॉर्कचा मॅनेजर पॅट रायन साक्षात चाणक्य होता. उत्तरार्धात कॉर्कच्या खात्यात किती गुण पडले? दोन. तेवढ्याच वेळात टिपरेरीने तीन गोल आणि चौदा पॉइंट हाणले. सामना संपला तेव्हा चाणक्याची शेंडी ज्याच्या त्याच्या मुठीत होती.

पस्तीस मिनिटांत एका माणसाची सगळी अक्कल कुठे गळून पडली, हे मला अजून कळलेलं नाही. सांगायला मात्र अख्खं शहर तयार आहे. मी कॉर्कात नोकरी करतो, त्यामुळे या ज्ञानदानातून सुटका नाही. इथे सगळ्यांना ‘बॉय’ म्हणायची पद्धत आहे, समोरचा नातवंडांचा आजोबा का असेना. ‘बघ बॉय,’ असं कानावर आलं की समजायचं, आता शास्त्रार्थ सुरू.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी दोन ओळी. संघ काउंट्यांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे, दोन्हीकडे पंधरा-पंधरा माणसं, हातात ॲश लाकडाची काठी म्हणजे हर्ली, क्रिकेटच्या चेंडूहून हलका चामडी श्लिटर, सत्तर मिनिटं. गोलात मारला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर एक. म्हणून स्कोअर ३-२७ असा लिहितात आणि बघणाऱ्याला तोंडी हिशेब करावा लागतो. तेवढा हिशेब येतो म्हणून बाकीचंही सगळं येतं, असा या मंडळींचा पक्का समज आहे.

तर शास्त्रार्थ. टिपरेरीचा मॅनेजर लियम काहिल याने फायनलला ब्रायन ओमाराला मागे ओढून सातवा बचावपटू उभा केला. जादा बचावपटू! कर्मठ हर्लिंगवाल्याला हे म्हणजे सोवळ्यात चपला घालून देवघरात शिरण्यासारखं. मर्द समोरासमोर भिडतात, मागे गर्दी करून उभे राहत नाहीत, हा इथला धर्म. मध्यंतरापर्यंत हा काहिलचा भेकडपणा होता. शिट्टी वाजल्यावर तोच दूरदर्शीपणा झाला. ओमारा होता तिथेच होता. सरकली ती मीमांसा.

हा काहिल तरी कोण? २०२४ मध्ये याच्या टिपरेरीला मन्स्टर प्रांतात एकही सामना जिंकता आला नव्हता. कॉर्कने त्यांना त्यांच्या घरच्या मैदानावर, थर्ल्समध्ये, अठरा गुणांनी बुकललं होतं. थर्ल्स म्हणजे साधंसुधं गाव नव्हे. १८८४ मध्ये गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा जन्म तिथल्या एका हॉटेलात झाला. त्या काशीक्षेत्रात झालेली ती धुलाई. तेव्हा टिपरेरीत काहिलला हाकला म्हणणारे जे होते, ते २०२५ च्या जुलैत गेले कुठे? कुठेही गेले नाहीत. ते स्वागताच्या गर्दीत होते, पुढच्या रांगेत, निळे-पिवळे झेंडे घेऊन. आपण त्याला हाकलायला निघालो होतो हे त्यांना आठवतच नाही. पाठीराख्याची स्मरणशक्ती हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे: १९९० ची मन्स्टर फायनल तोंडपाठ, मागच्या वर्षीचं स्वतःचं मत मात्र साफ पुसलेलं.

१९९० निघालंच आहे तर ऐका. टिपरेरीचा त्या वेळचा मॅनेजर बॅब्स कीटिंग सामन्याआधी बोलून गेला की गाढवं घेऊन डर्बी जिंकता येत नाही. रोख कॉर्ककडे होता. कॉर्कच्या मार्क फोलीने त्या सामन्यात एकट्याने २-७ केले, कॉर्क जिंकलं आणि पुढे ऑल-आयर्लंडही घेऊन गेलं. पस्तीस वर्षं झाली, कॉर्कवाले ती गाढवं अजून चारतायत. दुसऱ्याने आपल्या पोरांना गाढव म्हटलं तर तीन पिढ्या वैर. आणि स्वतः? फायनलनंतरच्या आठवड्यात माझ्या कानावर जी प्राणिसृष्टी आली, तीत गाढव हा त्यातल्या त्यात प्रतिष्ठित प्राणी होता.

आता सगळ्यात रसाळ प्रकरणाकडे येऊ. टिपरेरीचा डॅरा मॅकार्थी, वय वर्षं १९. एप्रिलमध्ये कॉर्कविरुद्ध या पोराला चेंडू टाकला जायच्या आधीच लाल कार्ड मिळालं. सामना सुरूही झाला नव्हता हो! टिपरेरी तो सामना पंधरा गुणांनी हरलं. जुलैत, किलकेनीविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये, हा पुन्हा बाहेर. एका मोसमात दोनदा हाकललेला, मिसरूड फुटत असलेला मुलगा. अशाला फायनलला घ्यायचं? शहाण्यासुरत्या माणसांचं उत्तर काय असणार? काहिलने घेतलं. मुलाने १-१३ केले. टिपरेरी ३-२७, कॉर्क १-१८. फरक पुन्हा पंधराच, फक्त तोंड उलट दिशेला.

समजा, त्याने तिसरं लाल कार्ड खाल्लं असतं. तर काहिलचा तो ‘आंधळा हट्ट’ झाला असता. खाल्लं नाही, म्हणून तो ‘तरुणांवरचा विश्वास’. निवड तीच, माणूस तोच, टीमच्या कागदावरची शाई तीच. मग हे पंडित नेमकं काय तपासत असतात? निकाल. आधी उत्तर बघायचं, मग त्याला शोभेल असं गणित मांडायचं. एरवी याला कॉपी म्हणतात.

आणि २०१३? क्लेअर विरुद्ध कॉर्क. पहिली फायनल बरोबरीत सुटली, कारण क्लेअरच्या डोनल ओडोनोव्हन नावाच्या कोपऱ्यातल्या बचावपटूने भरपाईच्या वेळात पुढे घुसून पॉइंट मारला. चॅम्पियनशिपमध्ये त्याने त्याआधी एकही मारलेला नव्हता. तो चेंडू बाहेर गेला असता तर ‘बचावपटूचं पुढे काय काम?’ या विषयावर क्लेअरमध्ये आजही परिसंवाद चालू असता. फेरसामन्याला मॅनेजर डेव्ही फिट्झजेराल्डने १९ वर्षांच्या शेन ओडॉनेलला उतरवलं. जाहीर केलेल्या पंधरात त्याचं नाव नव्हतं. त्याला स्वतःलाही सामन्याच्या दिवशीच कळलं. त्याने पूर्वार्धातच तीन गोल केले, एकूण ३-३. मला कॉर्कात असे लोक भेटले आहेत ज्यांना हा धोका आधीपासून दिसत होता. प्रत्यक्ष ओडॉनेलला न दिसलेला धोका!

जाहीर न केलेला खेळाडू उतरला कसा, असं विचाराल तर तुम्ही अजून निरागस आहात. इथली एक जुनी लोककला आहे: खोटी टीम जाहीर करणे. सामन्याच्या एक-दोन दिवस आधी पंधरा नावं येतात. पाठीराखा त्यावर रात्र जागवतो, मित्रांशी भांडतो, ‘अमक्याला बसवलं म्हणजे कप गेला’ अशी भविष्यवाणी वर्तवतो. रविवारी पैसे मोजून कार्यक्रमपत्रिका विकत घेतो. आणि मैदानात पाठीवर २३ नंबर घातलेला कुणी थेट सेंटर-फॉरवर्डच्या जागेवर जाऊन उभा राहतो. ज्या टीमवर दोन दिवस रक्त आटवलं ती टीम मुळी अस्तित्वातच नव्हती! यावर शहाण्या माणसाने काय करावं? पुढच्या वेळी गप्प बसावं. हे लोक काय करतात? पुढच्या वेळी जाहीर टीमवरही वाद घालतात आणि ‘खरी टीम कोणती असेल’ यावरही. एकाच तिकिटात दोन खेळ.

किलकेनीच्या ब्रायन कोडीने या जमातीला बरोबर ओळखलं होतं. मॅनेजर म्हणून अकरा ऑल-आयर्लंड जिंकलेला हा माणूस फारसं काही समजावून सांगायच्या फंदात पडत नसे. २००३ मध्ये त्याने संघाचा कॅप्टन चार्ली कार्टरलाच बाकावर बसवलं. कार्टर भर मोसमात सोडून गेला. कॅप्टन गेला, आता संघ कोसळणार! किलकेनीने त्या वर्षी कप उचलला, फायनलमध्ये हरलं कोण, तर कॉर्कच. कोडीच्या दरबारात दाद मागायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

कॉर्कवाल्यांचं निवडप्रेम पुरातन आहे, हे मान्य करायला हवं. गेलिक फुटबॉलच्या मॅनेजरने आपले सिलेक्टर स्वतः निवडायचे की काउंटी बोर्डाने ते त्याच्या गळ्यात मारायचे, यावरून इथे २००७-०८ मध्ये खेळाडू संपावर गेले. फुटबॉलवाले तर गेलेच, त्यांच्या पाठिंब्याला हर्लिंगवालेही. खेळाडू कोण निवडणार, हा वाद जगात सगळीकडे होतो. निवडणाऱ्यांना कोण निवडणार, इतक्या वेदान्तापर्यंत पोचलेलं गाव विरळा. लक्षात घ्या, बिनपगारी माणसांचा संप! कारण हे खेळाडू हौशी आहेत. सोमवारी कुणी शाळेत शिकवायला जातो, कुणी गायींचं दूध काढतो, कुणी बँकेत बसतो.

आणि इथे मला हसू आवरतं घ्यावं लागतं. आपल्याकडचा क्रिकेटपंडित ज्याला शिव्या घालतो तो निदान कोट्यधीश असतो, आणि काचा वर केलेल्या गाडीतून निघून जातो. इथला जो कॉर्नर-फॉरवर्ड ‘संपला, म्हातारा झाला, काढा त्याला’ म्हणून ठरवला जातो, तो उद्या दुकानाच्या रांगेत तुमच्या पुढे पाव घ्यायला उभा असतो. मग या शूरांच्या तोंडून काय बाहेर पडतं? ‘छान खेळलास हं!’ कॉर्कचा पॅट्रिक होर्गन २०१३, २०२१, २०२४ आणि २०२५ अशा चार वर्षांत फायनलला उतरला आणि पदकाविना निवृत्त झाला. त्या शेवटच्या मोसमात तो ३७ वर्षांचा होता. सेमीफायनलमध्ये कॉर्कने डब्लिनला सात गोल मारले तेव्हा त्या वयाला ‘अनुभव’ म्हणत होते. पंधरा दिवसांत त्याच वयाचा ‘खेळ खल्लास’ झाला. माणूस पंधरा दिवसांत पंधरा दिवसांनीच म्हातारा होतो, हे सांगायला कुणी शरीरशास्त्रज्ञ लागू नये.

ज्यांचं घराणं मूळचं मालवणकडच्या वराड गावचं अशा एका डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, या देशाचा पंतप्रधान झाला. ते लोकांनी सहज पचवलं. संघात फ्री, म्हणजे फाउलनंतरचा मोकळा फटका, घेणारा बदलला तर मात्र आठवडाभर अपचन.

पॅट रायन गेला. त्याच्या जागी बेन ओकॉनर आला, २००४ च्या विजेत्या संघाचा कॅप्टन. कॉर्कने शेवटचा कप २००५ मध्ये घेतला होता, त्याला दोन दशकं लोटली होती, त्यामुळे अधीरता समजू शकते. पण नव्या मॅनेजरने एक चेंडू टाकायच्या आत ‘रायनला काढा हे मी तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणणाऱ्यांची रांग लागली, आणि त्या रांगेत मध्यंतराचे सगळे चाणक्यभक्त मला दिसले. ओकॉनरच्या शेंडीचंही माप एव्हाना घेऊन झालं असेल.

आमच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ तज्ज्ञाने तर पबमध्ये बसून, ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर, पुढच्या मोसमाची टीम लिहूनच दिली. ‘बघ बॉय, ही उतरवली तर हरण्याचा प्रश्नच नाही.’ मी नावं मोजली. सोळा भरली. दाखवून दिलं तर गृहस्थ जराही विचलित झाला नाही. एक घोट घेतला, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, ‘मग सातवा बचावपटू कुठून आणणार?’