काढा उकळेपर्यंत श्वास मोजा



पावसाची झड लागली की घरोघरी तेच. कुणाचं नाक गळतंय, कुणाचा घसा बसलाय आणि गॅसवर काढ्याचं पातेलं चढलंय. गवती चहा, तुळस, आलं घातलेला तो गरम काढा घशाला बरा वाटतो, यात शंका नाही.

आपल्या कुंपणावरचा अडुळसा तर खोकल्यावर फार जुना. पानं वाफवून पिळावीत आणि मोठ्या माणसाने दोन चहाचे चमचे रस मधातून घ्यावा; कफ सुटायला मदत होते. ही नुसती समजूत नाही बरं का! अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं.

पण झाडपाल्यालाही पथ्य असतं. गर्भारपणी अडुळसा घेऊ नये. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध रोज चघळू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूसुद्धा नये, आणि तान्ह्याच्या नाकाशी कापूर नेऊ नये.

आता माझी चूक सांगते. धाकटा दोन वर्षांचा होता. ताप, खोकला. सासूबाईंनी काढा करून दिला, मी दोन दिवस तोच पाजत राहिले. तिसऱ्या रात्री तो पाणीही घेईना, पोट भात्यासारखं हलू लागलं. डॉक्टरांनी आधी सदरा वर केला आणि घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला ५६! न्यूमोनिया होता. औषधं वेळेवर मिळाली म्हणून निभावलं. काढा वाईट नव्हता हो, मीच त्याच्याकडून भलती अपेक्षा धरली होती.

तेव्हापासून काढा उकळेपर्यंत मी श्वास मोजते. तुम्हीही मोजा. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर तडक डॉक्टर गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळचीही वाट पाहू नका.

हे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्धही झालं. त्यांना जमलं, मग आपल्याला का जमू नये?

तेव्हा तुळस कुंडीत असू द्या, आणि सेकंदकाट्याचं घड्याळ हाताशी!