वैर मताशी, माणसाशी नाही

समोरच्या पक्षाच्या मतदाराला समजून घ्या, असं म्हटलं की हल्ली दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं : 'त्यांच्यात समजून घेण्यासारखं आहेच काय? एक तर विकले गेलेत, नाही तर आंधळे झालेत.' दुसरं जास्त वजनदार : 'ज्यांनी अन्याय सोसला, त्यांनीच पुन्हा मन मोठं करायचं?'

पहिलं उत्तर बाजार समितीच्या आवारात टिकत नाही. २०२४च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल आणि आडतीवर बोली लागत होती त्याहून बरीच खाली. हमीभावाने विकायचं तर ओलाव्याची अट आडवी. ट्रॅक्टर घेऊन ताटकळणाऱ्यांत महायुतीचा मतदार होता, महाविकास आघाडीचाही होता. एक म्हणे, लाडक्या बहिणीचे दीड हजार दर महिन्याला घरात येतात, हे सरकार निदान काही देतं तरी. दुसरा म्हणे, दर पडू द्यायचे आणि वर दीड हजार द्यायचे, ही फसवणूक आहे. मला दुसऱ्याचं पटतं. पण हिशेब पहिल्यानेही केलेला आहे. त्याला 'विकला गेला' म्हणणाऱ्याने त्याच्या पोराच्या क्लासची फी पाहिलेली नसते, जसं दुसऱ्याला 'देशद्रोही' म्हणणाऱ्याने त्याचं सोसायटीचं थकलेलं कर्ज पाहिलेलं नसतं.

पुढाऱ्यांना या वैराची झळ लागत नाही. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी. कालपर्यंत एकमेकांवर तुटून पडणारे मांडीला मांडी लावून बसले. त्यांच्यापायी सख्ख्या चुलतभावाशी बोलणं टाकलेल्या कार्यकर्त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या आक्षेपाला मात्र असं झटकता येत नाही. त्याचं उत्तर महाडला आहे. मार्च १९२७मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल अस्पृश्यांनी मार खाल्ला. नंतर तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं. एवढा अपमान ताजा असताना पुढच्या सत्याग्रहाला ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी जेधे-जवळकर पाठिंबा द्यायला तयार झाले. अट घातली, ब्राह्मणांना त्यात घेऊ नका. त्या घडीला मित्रांची किती गरज होती! तरी बाबासाहेबांनी अट नाकारली. भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्याशी नाही, ही त्यांची भूमिका. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण. यात लढा कुठे मवाळ पडला? उलट वार नेमका जिथे बसायला हवा तिथे बसला.

सोसणाऱ्याने आधी मायेने बोलावं, असं मी मुळीच म्हणत नाही. ज्याच्या हाती सत्ता आणि संख्या आहे, पहिलं पाऊल त्याचं. पण आपण बहुतेक जण ना महाडचे पीडित आहोत, ना सत्ताधीश. आपण एकाच गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अंधभक्त' आणि 'चमचा' लिहून वाद जिंकल्याचं समाधान मानणारी माणसं आहोत. मत सोडू नका, आवाजही खाली आणू नका. फक्त समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला 'हो, हेच' म्हणता येईल असं एकदा मांडून दाखवा आणि मग खोडा. दीड हजारांवर त्याने दिलेलं मत दराच्या प्रश्नावर फिरवायचं असेल, तर त्याच्या ओसरीवर बसून बोलावं लागेल, आणि शिवी दिलेल्या घरात कुणी बसायला सतरंजी टाकत नाही.