रिसेटच्या आधी फॉन्ट

विंडोज 10चे नियमित सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा. त्यामुळे बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या घरांतला दहा-बारा वर्षांचा संगणक विकायचा किंवा धाकट्या भावंडाच्या अभ्यासाला द्यायचा विचार सुरू झाला, की पहिला सल्ला मिळतो तो ‘फॅक्टरी रिसेट मारा’ असा. सल्ला बरोबर आहे. साचलेला कचरा आणि लपलेले व्हायरस एका फटक्यात काढायला याहून सोपा उपाय नाही. माझा आक्षेप रिसेटला नाही, त्याआधी काय वाचवायचं याबद्दलच्या आपल्या समजुतीला आहे. आपण फोटो आणि फायली पेन ड्राइव्हवर घेतो आणि निश्चिंत होतो. मराठी मजकुरासाठी तेवढं पुरत नाही, कारण आपलं बरंच जुनं मराठी फायलीत नसून फॉन्टमध्ये आहे.

हे नीट समजून घ्यायला हवं. युनिकोडच्या 1991च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण घरोघरी पोचायला तिला फार वेळ लागला. विंडोज एक्सपीत देवनागरीची सोय होती, मात्र ती मुळात बंद असे आणि चालू करायला सीडी लागे. डीटीपीवाल्यांचं पेजमेकर तर युनिकोड जाणतच नव्हतं. म्हणून लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, सोसायटीचे ठराव, घराण्याच्या वंशावळी हे सगळं कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप झालं. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतंच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं, तर फायलीत साठतात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही इंग्रजी अक्षरं. त्यांच्यावर म, र, काना, ठ आणि वेलांटीचं रूप चढवतो तो फॉन्ट. रिसेटमध्ये विंडोज नव्याने बसतं आणि असे बाहेरून टाकलेले फॉन्ट पुसले जातात. विंडोज 10मधला ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय इथेच फसवतो. फायली तो खरोखर ठेवतो, पण उघडल्यावर त्यांत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती पाहून ‘फाइल खराब झाली’ म्हणत ती डिलीट करणं, हे त्यानंतरचं आणि कायमचं नुकसान.

वाचता न येणाऱ्या नोंदीची किंमत मराठवाड्याला नव्याने सांगायला नको. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी जिल्ह्याजिल्ह्यांत शोधल्या गेल्या. बीडही त्यात होतं. दप्तरं होती, कागद होते, पण कितीतरी नोंदी मोडीत आणि उर्दूत असल्याने त्या वाचणारी माणसं आधी शोधावी लागली. तेही शक्य झालं, कारण मोडीचं अक्षर कागदावर होतं आणि जाणकार मिळाला की बोलत होतं. फॉन्ट हरवलेल्या फायलीत जाणकाराला पाहायला अक्षरच उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, फॉन्ट काय, इंटरनेटवर हवा तेव्हा मिळतो. कृतिदेवपुरतं हे खरं आहे, आणि वर्डच्या फायलीत फॉन्टचं नावही बहुधा दिसतं. पण श्रीलिपी हे विकत घ्यायचं सॉफ्टवेअर. त्याच्या अनेक जुन्या आवृत्त्या संगणकाला कुलूप म्हणून जोडलेल्या डोंगलशिवाय चालत नसत. डोंगल हरवलं की फायली मागे राहतात. शिवाय साध्या टेक्स्ट फायलीत किंवा जुन्या डेटाबेसमध्ये फॉन्टचं नाव साठतच नाही, आणि प्रत्येक फॉन्टची अक्षरजुळणी वेगळी असल्याने अंदाजाने काम होत नाही. दुसरा आक्षेप असा, की छापील प्रत आहेच. ती असेल तर उत्तमच. पण सभासदांच्या यादीतलं एक नाव बदलायचं, वंशावळीत नवी पिढी जोडायची, तर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं, आणि तेवढा उत्साह फार थोड्या घरांत टिकतो.

म्हणून क्रम बदलायला हवा. रिसेटच्या आधी विंडोजच्या फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर जसंच्या तसं फायलींसोबत कॉपी करावं. त्याला फारशी जागा लागत नाही. मग मूळ फॉन्ट शाबूत असतानाच महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ करावी. फॉन्ट आत बसलेला असल्याने ती कुठेही तशीच दिसते, मात्र तिच्यात मराठी शब्द शोधता येत नाही. त्यासाठी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा आणि डोळ्यांनी तपासावा. पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथे हमखास चुकतात. ‘वर्ष’, ‘कीर्तन’ असे शब्द आधी पाहावेत. हे काम घरी जमणार नसेल, तर तालुक्यातल्या एमएस-सीआयटी केंद्रांनी ते विद्यार्थ्यांना सराव म्हणून द्यावं. हे सगळं झालं, की मग संगणक खुशाल रिसेट करावा. तो विकायचा असेल, तर मात्र ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून डिस्क साफ करण्याचा सविस्तर पर्यायही घ्यावा. त्याला काही तास लागतात, पण नुसत्या पुसलेल्या डिस्कवरून आधार आणि बँकेचे कागद परत काढता येतात.