मँडरीनचे पोट आणि मुरलेल्या टाकीचे पुराण

खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्या मंडळींत एक जुनेजाणते गृहस्थ आहेत. नाव घेण्याचे कारण नाही. असे गृहस्थ प्रत्येक शहरात असतात. नुकताच त्यांनी एका व्याख्यानात मँडरीन माशाचा निकाल लावून टाकला. म्हणणे थोडक्यात असे: मँडरीन कोपेपॉड नावाच्या बारीक, जिवंत कवचधारी जीवांखेरीज काही खात नाही, तो त्याचा स्वभाव. हॅचरीत जन्मला म्हणून स्वभाव बदलत नाही. तेव्हा ‘कॅप्टिव्ह-ब्रेड’ ही चिठ्ठी म्हणजे जास्तीचे पैसे उकळण्याची युक्ती. शिवाय हॅचरीतली पिले किडकी निघतात, रानटी मासा घेतला तर गरीब मच्छीमाराची चूल पेटते, आणि ज्याची टाकी वर्षभर मुरलेली नाही त्याने या माशाकडे बघूही नये.

श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या निम्म्यांच्या टाकीत एखादा मँडरीन उपाशी मेलेला असणार, म्हणून तर टाळ्या इतक्या जोरात पडल्या. दोष आपला नव्हता, माशाचा स्वभावच तसा, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

आधी मासा पाहू. सिंकिरोपस स्प्लेंडिडस हे त्याचे शास्त्रीय नाव. आल्बर्ट हेरे यांनी 1927 मध्ये फिलिपीन्समधल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यु बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, प्रवाळाच्या तुकड्यांनी भरलेल्या उथळ, शांत पाण्यात तो राहतो. लांबी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी जाड, घाण वासाचा चिकटा असतो. प्राण्यांमधला निळा रंग बहुतेक वेळा प्रकाशाचा खेळ असतो, पण याच्या कातडीत खरेखुरे निळे रंगद्रव्य आहे. पृष्ठवंशीय प्राण्यांत ही फार दुर्मीळ गोष्ट. दुकानात तो दिसला की नवख्याचा हात पाकिटाकडे जातो, यात त्या नवख्याचा फारसा दोष नाही.

समुद्रातून पकडलेला मँडरीन टाकीत उपाशी मरतो, हे गृहस्थांचे निरीक्षण खरे आहे. ते कसे घडते, हे तासभर टाकीसमोर बसले की कळते. पोटाखालच्या परांवर रेलून तो दगडावरून टप्प्याटप्प्याने सरकतो. थांबतो. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एका ठिपक्यावर नजर ठरते, तोंड नळीसारखे पुढे येते, टिपतो, आणि पुन्हा सरकतो. उजाडल्यापासून मावळेपर्यंत हेच. वरून चारा टाकला की बाकीचे मासे तुटून पडतात. मँडरीनची एखाद्या कणावर नजर बसेपर्यंत तो कण क्लाउनफिशच्या पोटात गेलेला असतो.

पण हा मासा दुकानात पोहोचतो तेव्हा कोणत्या अवस्थेत असतो, याबद्दल गृहस्थ अवाक्षर काढत नाहीत. फिलिपीन्स किंवा इंडोनेशियात पकडला गेल्यापासून तो निर्यातदाराच्या उघड्या काचेच्या कप्प्यात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग आयातदाराकडे, मग दुकानात, असा फिरत येतो. दिवसभर टिपत राहणाऱ्या माशाला या वाटेवर टिपण्यासारखे काहीच नसते. दुकानात वरून पाहिले तर डोक्यामागे खळगा पडलेला, पोट आत ओढलेले, बाजूच्या काट्याची रेघ उठून दिसते. हा कुपोषित मासा घरी आणायचा, तो अनोळखी चारा खात नाही म्हणून आठवड्याभरात हात टेकायचे, आणि निष्कर्ष काढायचा की त्याचा स्वभावच तसा. ज्याला उपासमारीची झळ बसली आहे त्याच्यावरून त्याच्या सगळ्या जातीच्या जेवणाचे नियम ठरवायचे, अशी ही पद्धत.

आता स्वभावाच्या मूळ मुद्द्याकडे. मासा जिथे जन्मला आणि जे खाऊन वाढला त्याचा त्याच्या खाण्याशी संबंध नसतो, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा जिताडा पाळणाऱ्यांकडे जाऊन यावे. खाडीतला जिताडा हा पक्का शिकारी. जिवंत मासा, जिवंत कोळंबी हे त्याचे जेवण. तोच जिताडा हॅचरीत जन्मतो तेव्हा काय होते? तामिळनाडूत सिरकाळीला राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राची जिताड्याची हॅचरी आहे. अशा ठिकाणी पिलांना आधी सूक्ष्म जिवंत खाद्य, मग आर्टेमिया ही बारीक खारी कोळंबी, आणि मग हळूहळू कोरड्या गोळीवर आणतात. एकमेकांना खाऊ नयेत म्हणून आकारानुसार वेगळे करतात. मोठा झाल्यावर तो गोळ्यांवर तुटून पडतो. गृहस्थांच्या हिशेबाने हा जिताडा स्वभाव विसरलेला नतद्रष्ट असावा. खाणाऱ्याला मात्र तो जिताडाच लागतो.

समुद्रघोड्याचे उदाहरण तर मँडरीनच्या अगदी जवळचे. तोही संथ, तोही तोंडाच्या नळीने एकेक जीव टिपणारा, आणि त्याच्याबद्दलही हेच ठाम मत होते. समुद्रातून आणलेला समुद्रघोडा मेलेल्या चाऱ्याकडे बघत नसे, जिवंत कोळंबीच्या पिलांशिवाय जगत नसे, महिन्या-दोन महिन्यांत जाई. मग माणसांनी त्याची पैदास केली आणि पिलांना लहानपणीच गोठवलेल्या मायसिस कोळंबीची सवय लावली. हॅचरीत वाढलेला समुद्रघोडा आज वितळलेला मायसिस तळातून वेचून खातो. त्याची शेपूट, त्याची नळी, त्याचे आतडे, काहीही बदललेले नाही. बदलले ते एवढेच, की कोणत्या गोष्टीला अन्न म्हणायचे हे त्याला योग्य वयात कळले.

मँडरीनच्या बाबतीत हेच घडले, फक्त उशिरा; कारण त्याचे बालपण फार नाजूक. संध्याकाळी उजेड मावळता मावळता नर आणि मादी पोटाला पोट लावून प्रवाळाच्या वर सुमारे मीटरभर उठतात आणि अंडी पाण्यात सोडतात. एका वेळी दोनशेपर्यंत, मिलिमीटरहूनही बारीक. दिवसभराच्या आत ती फुटतात. बाहेर येणाऱ्या पिलाला तोंड फुटेपर्यंत काही खाता येत नाही, आणि तोंड फुटल्यावर ते इतके लहान असते की कोपेपॉडांची नुकती जन्मलेली पिलेच त्यात मावतात. दोनेक आठवड्यांत ते तळावर उतरते, आणि खरी शाळा तिथून सुरू होते: आधी जिवंत आर्टेमिया, त्यात मिसळलेला गोठवलेला चारा, कोळंबीची अंडी, शेवटी बारीक गोळी. 2010 मध्ये फ्लोरिडातील ओशन्स, रीफ्स अँड अक्वेरियम्स या संस्थेने हॅचरीत वाढवलेले हिरवे आणि ठिपकेदार मँडरीन विकायला काढले. पुढे पलाऊमध्ये काम सुरू केलेल्या बायोटा या कंपनीने तेच मोठ्या प्रमाणावर केले. बोटाच्या पेराएवढी ही पिले दुकानात पोहोचतात तेव्हा गोठवलेले अन्न ओळखत असतात. हा सगळा उद्योग केवळ चिठ्ठी चिकटवण्यासाठी केला, असे ज्यांना वाटते त्यांच्या कल्पनाशक्तीला नमस्कार.

एक गोष्ट प्रतिपक्षाला द्यायला हवी. हॅचरीतला मँडरीन कोपेपॉडांनी भरलेल्या टाकीत सोडला तर तो शिकारीकडे वळतो आणि कधी कधी गोळीकडे दुर्लक्ष करू लागतो. म्हणजे त्याला दोन्ही येते. गृहस्थांचा दावा मात्र त्याला एकच येते असा होता.

‘मुरलेली टाकी’ हे या मंडळींचे जुने दैवत. त्याचा इतिहास आठवणाऱ्यांना हसू येईल. एके काळी वाळूखालचा फिल्टर नसलेली टाकी म्हणजे मूर्खपणा, असे शपथेवर सांगितले जाई. मग प्लॅस्टिकच्या गोळ्यांचे फिल्टर आले आणि वाळूखालचा फिल्टर हे विष ठरले. मग लाइव्ह रॉक, म्हणजे प्रवाळाचा जिवांनी भरलेला दगड, आला आणि प्लॅस्टिकच्या गोळ्या नायट्रेटचा कारखाना ठरल्या. मग जाड वाळूचा थर, मग उघडा तळ. प्रत्येक वेळी तेच चेहरे, तोच आवाज, तेवढाच ठामपणा. क्लाउनफिशची पैदास होऊ लागली तेव्हाही हेच बोलले गेले: पट्टे तुटके येतात, समुद्रफुलात राहत नाहीत, जगत नाहीत. काही पट्टे तुटके आले, ही खरी गोष्ट. आज तुटक्या पट्ट्यांचे क्लाउनफिश जास्त दाम देऊन घेतले जातात आणि बाजारात हॅचरीचे क्लाउनफिश सर्रास मिळतात. त्या वादात हरलेल्यांपैकी कुणी माघार घेतल्याचे ऐकिवात नाही; त्यांनी फक्त मासा बदलला.

आणि मुरलेल्या टाकीचा हिशेब तरी जुळतो का? कोपेपॉड अंड्यातून बाहेर पडल्यावर सहा नॉप्लियस अवस्था, मग पाच कोपेपोडाइट अवस्था, मग प्रौढ. टिस्बेसारखी झटपट वाढणारी जातसुद्धा पिढी पुरी करायला दीड-दोन आठवडे घेते. मँडरीन दिवसभर टिपतो, रास मासा त्याच्याबरोबर टिपतो, आणि टाकीचा दगड काही वाढत नाही. कित्येक ‘मुरलेल्या’ टाक्यांत काही महिने सगळे छान चालते; मग दगडावर पॉड दिसेनासे होतात, आणि एके दिवशी मासाही. शिवाय हा नियम जिथे जन्मला तिथे ओल्या, जिवांनी भरलेल्या दगडाची रेलचेल होती. आपल्याकडे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. इथल्या समुद्रातून तो उचलणे गुन्हा. साहजिकच इथल्या कित्येक टाक्या कोरड्या दगडावर उभ्या राहतात. कोरडा दगड वर्षभर खाऱ्या पाण्यात ठेवला की त्यातून आपोआप पॉड उगवतात, असे गृहस्थांना वाटत असेल तर त्यांनी तसे स्पष्ट सांगावे.

उरलेले मुद्दे. पिले किडकी असतात: लहान असतात, लहान आणि किडके यांत फरक आहे. पिले महाग असतात: रानटी मासा तीनदा घेऊन तीनदा पुरला तर स्वस्त कोण, हे पाकिटाला विचारावे. गरीब मच्छीमाराची चूल: तिच्याकडे या मंडळींचे लक्ष फक्त वादाच्या वेळी जाते, पकडणारे मोठे, लांब काट्याचे नर निवडतात, आणि मादीही नेमके तेच निवडते, मग समुद्रात पैदास कशी होणार, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडत नाही.

मग मँडरीन सांभाळायचा कसा? उत्तर फार लांबलचक नाही, आणि थोडे कंटाळवाणे आहे.

पिलू आणल्यावर त्याला थेट मोठ्या टाकीत सोडू नये. टाकीतच टांगलेल्या छिद्रांच्या डब्यात आठवडाभर ठेवावे, तिथे ते खाते हे डोळ्यांनी पाहावे. पकडायला जाळी वापरू नये. गालाजवळचा काटा जाळीत अडकतो. काचेचा पेला बरा. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला घालावे: वितळवलेली कोळंबीची अंडी, बारीक मायसिस, पोषक तेलात भिजवलेला आर्टेमिया, बुडणारी बारीक गोळी. घालताना पंप दहा मिनिटे बंद, आणि लांब पिपेटने चारा त्याच्या तोंडासमोर तळावर सोडावा. बाकीचे मासे हावरे असतील तर अरुंद तोंडाची काचेची बरणी आडवी ठेवून चारा त्यात घालावा. मँडरीन आत शिरायला शिकतो, मोठे मासे बाहेर घुटमळतात. सम्पमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, कीटोमॉर्फा शैवालाचा कप्पा असेल आणि त्यात टिस्बे सोडले असतील तर उत्तमच. त्यांचा उपयोग दोन जेवणांच्या मधला खाऊ एवढाच समजावा. दोन नर एकत्र ठेवू नयेत, पॉड खाणारा रास ठेवू नये. सिक्स-लाइन रास तर नकोच.

सकाळी ऑफिसला जाऊन रात्री परतणाऱ्याने त्या वेळात घरात कुणी पिपेट धरील का, याचा विचार मासा घेण्याआधी करावा. घरात कुणी नसेल तर मँडरीन घेऊ नये. यात गृहस्थांचा आणि या लेखाचा मतभेद नाही, फक्त कारणे वेगळी आहेत.

मुंबई-पुण्याच्या दुकानांत दिसणारा मँडरीन बहुधा समुद्रातूनच पकडलेला असतो. हॅचरीचा म्हणून सांगितला तर आधी आकार पाहावा. लांब काट्याचा पूर्ण वाढलेला नर ‘हॅचरीचा’ म्हणून पुढे केला तर प्रश्न विचारायला सुरुवात करावी. मग दुकानदाराला आपल्यासमोर गोठवलेला चारा घालायला सांगावे आणि वरून पोट पाहावे: गोल आहे की आत गेलेले. ‘आत्ताच खाल्लंय त्याने, भूक नसेल’ असे उत्तर आले तर दिवसभर टिपत राहणाऱ्या माशाबद्दल ते उत्तर काय किमतीचे आहे, हे ओळखावे आणि मासा तिथेच ठेवावा.